पोपटीच्या रात्री डास आवरायचे कसे? वाडीत नव्याने आलेल्यांसाठी

डिसेंबर सरता सरता रायगडात वालाच्या शेंगा भरायला लागतात आणि अलिबाग, पेण, रोहा, माणगावकडच्या वाड्यांमधून शनिवारी रात्री पोपटीचे, म्हणजे शेंगा-बटाटे भरलेलं मडकं भाजायचे, जाळ दिसू लागतात. मुंबई-पुण्याहून येऊन इकडे घर किंवा छोटी वाडी घेतलेली मंडळी आता बरीच आहेत. पहिल्या पोपटीनंतर त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "शेंगा झकास झाल्या होत्या हो, पण डासांनी फोडून काढलं." आणि लगेच पुढचा प्रश्न: "एवढा जाळ होता, धूर होता, तरी आले कसे?"

आले, कारण तुम्ही जाळाच्या भरवशावर राहिलात. मडक्याभोवती जाळ असतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात सगळे उभे असतात, फिरत असतात, कुणी पेंढा घालतंय, कुणी फोटो काढतंय. धगीच्या अगदी जवळ डास फिरकत नाहीत, हेही खरं. मग मडकं बाहेर निघतं, जाळ बसतो, धूर ओसरतो आणि नेमके तेव्हा लोक पाय सोडून खायला बसतात. दोन्ही हात शेंगा सोलण्यात गुंतलेले. चावते ती डासाची मादी, आणि ती माणूस शोधते उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. वीस माणसं गोल करून बसली की तिला आणखी काय हवं!

म्हणून बंदोबस्त करायचा तो जेवणाच्या त्या दीड-दोन तासांचा, आणि त्याची सुरुवात आठ दिवस आधी. खाली लिहिलेलं पोपटीला धरून आहे, पण घराच्या मागे नुसती शेकोटी पेटवून गप्पा मारायच्या असतील तरी क्रम हाच.

लागणारं सामान

- बॅटरी, पांढरी वाटी किंवा मग, खरखरीत ब्रश
- टाकीच्या पाइपला बांधायला नायलॉनची बारीक जाळी आणि तार
- एक किंवा दोन उभे पंखे, लांब केबल
- जुनं लोखंडी घमेलं, चार-पाच शेणी, निगडीचा किंवा कडुलिंबाचा ओला पाला
- कॉइल आणि त्यांचे पत्र्याचे स्टँड
- अंगाला लावायचं डास प्रतिबंधक मलम
- सुती चादरी, पाहुण्यांसाठी मोज्यांचे चार-दोन जादा जोड
- पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या (या डासांसाठी नव्हेत, जाळासाठी)

१. आठ दिवस आधी: साचलेलं पाणी शोधा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात उपयोगाचंही हेच. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, थंडीत थोडे जास्त. म्हणजे येत्या शनिवारी तुम्हाला चावणारे डास आज तुमच्याच वाडीतल्या कुठल्यातरी पाण्यात वळवळत आहेत. ते तिथेच संपवले तर रात्रीचं अर्धं काम झालं.

फ्लॅटमधून आलेल्या माणसाला कुंडीखालची ताटली आणि एसीचं पाणी एवढंच सुचतं. वाडीत जागा वेगळ्या असतात:

- विहिरीजवळची दोण, म्हणजे गुरांना पाणी पाजायची कुंडी. गुरं नसली तरी दोण भरलेलीच राहते. रिकामी करा आणि आतून ब्रशने घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण एडिस या डेंगीवाल्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी आलं की परत फुटतात.
- न्हाणीच्या सांडपाण्यावरचं अळू आणि केळी. कोकणातल्या प्रत्येक घरामागे हे असतं. तिथल्या घाण, थबकलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच. पाणी वाहतं करा, चर साफ करा, वाळू-खडी टाकून शोषखड्डा करता आला तर उत्तम.
- नारळ-पोफळीची आळी. शिंपण्याचं पाणी एका दिवसात जिरत असेल तर काळजी नाही. चिकणमातीमुळे दोन-तीन दिवस तुंबत असेल तर आठवडाभर शिंपणं कमी करा.
- पोफळीच्या गळलेल्या विरी (पानाच्या बुडाचं रुंद आवरण), नारळाच्या करवंट्या, उंदरांनी पोखरलेले नारळ. विरी वाळताना होडीसारखी वळते आणि तिच्यात पेलाभर पाणी सहज राहतं. एडिसला तेवढं पुरतं. सगळं गोळा करा, सुकवा आणि पोपटीच्या जाळात घाला.
- शौचालयाच्या टाकीचा व्हेंट पाइप. वर बघायला कुणी जात नाही. पाइपच्या तोंडाला जाळी नसेल तर तिथून रोज संध्याकाळी क्युलेक्सची मिरवणूक निघते. जाळी बांधायला दहा मिनिटं लागतात.
- निळे ड्रम, झाकण फुटलेली सिंटेक्सची टाकी, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या घड्या, गेटजवळ पडलेला टायर.

अळ्या आहेत की नाही हे बघायची सोपी रीत अशी. पाण्यावर बॅटरी मारा आणि हाताची सावली फिरवा. अळ्या असतील तर सगळ्या एकदम झटके देत तळाशी जातात. हलू नका. मिनिटभरात एकेक करून वर येतात आणि डोकं खाली, शेपूट वर अशा पाण्याला लटकतात. शेपटाकडच्या नळीनेच त्यांचा श्वास चालतो. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पसरलेल्या दिसल्या तर त्या ॲनोफिलीसच्या, म्हणजे हिवतापवाल्या डासाच्या. पांढऱ्या वाटीत थोडं पाणी काढून घेतलं की फरक स्वच्छ दिसतो. घरात मुलं असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवा, मोठ्यांपेक्षा त्यांची नजर तेज असते.

विहीर रिकामी करता येत नाही. तिच्यात गप्पी मासे सोडा. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे ते मिळतात. आधी आरोग्य सेवकांना विचारा. मासे आपल्या विहिरीत किंवा बंद टाकीतच सोडायचे. ओढ्यात, तळ्यात नाही, तिथल्या मूळच्या छोट्या माशांना ते त्रासदायक ठरतात. काही जण साचलेल्या पाण्यावर गाडीचं जळकं ऑइल ओततात. वाडीत ते करू नका. तेच पाणी झिरपून विहिरीत येतं.

एडिस फार लांब उडत नाही, त्यामुळे आपली वाडी साफ केली की त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. क्युलेक्स मात्र किलोमीटरभरावरूनही येतो. म्हणून शेजाऱ्यांच्या कानावर घाला. शेजारची वाडी बंद असेल तर राखणदाराला दोण पालथी करायला सांगा आणि शनिवारी त्यालाही शेंगांना बोलवा.

२. जागा निवडताना वाऱ्याचं गणित मांडा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे कामाला येतात. अलिबाग, रेवदंडा, मुरुड अशा समुद्रकाठच्या गावांत दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. सूर्य बुडताना तो पडतो. रात्री जमीन थंड झाली की वारा उलटा, पूर्वेकडून समुद्राकडे वाहू लागतो. या दोहोंच्या मध्ये एक वेळ अशी येते की झाडाचं पान हलत नाही. डासांची खरी चढाई होते ती याच वेळात.

नवीन माणूस दुपारी चारला जागा ठरवतो, धूर पूर्वेला जातोय हे बघून पश्चिमेला सतरंज्या घालतो. रात्री आठला तोच धूर सगळ्यांच्या डोळ्यांत! म्हणून बसायची जागा जाळाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या, वारा फिरला तरी धूर अंगावरून सरळ जात नाही. रोहा-माणगावकडे समुद्र लांब आहे, तिथे डोंगर आणि नदी बघून वारा ठरतो. आदल्या रात्री त्याच वेळी त्याच जागी एक उदबत्ती लावून बघा, सगळं कळेल.

जागा मोकळी हवी. अळवाची, हळदीची किंवा शोभेची दाट झाडी, झावळ्यांचा ढीग, गुरांचा गोठा यांपासून जितकं लांब बसाल तितकं बरं. दिवसभर डास अशाच गार, ओलसर सावलीत दडून असतात. गवत दोन दिवस आधीच कापून घ्या.

३. वेळ

जानेवारीत आपल्याकडे सूर्य साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. मडकं सव्वासहाला लावलंत तर जाळ चालू असतानाच दिवेलागण सरते, आणि त्या वेळात सगळे धगीजवळ उभे असतात. सातला मडकं उघडायचं. माझ्या मते हीच वेळ सोयीची. पण "अंधार पडल्याशिवाय पोपटीला मजा नाही" म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकायचं ठरलं तर मग निदान आठपर्यंत पाहुण्यांना ओटीवर, पंख्याखाली बसवा. तिन्हीसांजेला अंगणात खुर्च्या टाकून 'वाट बघत बसणं' तेवढं टाळा.

४. पंखा लावा

एवढा साधा उपाय लोक का करत नाहीत कोण जाणे. डास उडतो ताशी दीड-दोन किलोमीटरने, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही सावकाश. साध्या उभ्या पंख्याच्या झोतात त्याला नीट उतरताच येत नाही. शिवाय आपला श्वास आणि अंगाचा वास पांगतो, त्यामुळे त्याला माग काढणंही अवघड जातं.

मात्र पंखा आणि जाळ एकत्र म्हणजे ठिणग्यांचा पाऊस. जाळ पेटलेला असताना पंखा बंद. मडकं निघालं, निखारे पसरून त्यांवर माती ओढली, की मगच चालू. पंखा बसणाऱ्यांच्या पाठीमागे, खाली गुडघ्याच्या उंचीवर, झोत निखाऱ्यांकडे जाणार नाही असा तिरका ठेवा. डास जास्त करून पायांना, घोट्यांना चावतात, तोंडावर वारा घेऊन काय उपयोग? केबल पाटातून किंवा ओल्या आळ्यातून नेऊ नका, आणि घराच्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, ते बघून घ्या. थंडी वाजेल अशी तक्रार होईल. त्यासाठी चादरी आहेतच.

५. धूर हवाच असेल तर वेगळ्या घमेल्यात

सर्रास होणारी चूक म्हणजे डासांसाठी म्हणून पोपटीच्या जाळातच ओला पाला घालणं. पोपटीला कडक जाळ लागतो. मडक्यात पाण्याचा थेंब नसतो, मडक्यात घातलेल्या भांबुर्डी या रानवनस्पतीच्या पाल्याच्या ओलाव्यावर आणि वाफेवर शेंगा शिजतात. ओल्या पाल्याने जाळ दबला की वरच्या शेंगा करपतात आणि मधले बटाटे कच्चे राहतात.

धुरासाठी वेगळं घमेलं करा. तळाशी थोडे निखारे, वर दोन शेणी, त्या धरल्या की मूठभर निगडीचा किंवा कडुलिंबाचा पाला. घमेलं वारा येतो त्या बाजूला, बसणाऱ्यांपासून आठ-दहा फुटांवर. धूर पातळ हवा, डोळे चोळायला लागतील इतका नको. यानेही डास कमी होतात, जात नाहीत. दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर हा उपाय सोडूनच द्या.

काय जाळायचं नाही तेही लक्षात ठेवा. काजूची टरफलं नकोत, त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. बिब्ब्याचं लाकूड तर अजिबात नको, काहींचं अंग त्याच्या धुरानेही उततं. कण्हेर विषारी आहे, तिच्या काटक्या सरपणातही नकोत आणि चिकन खोचायला सळ्या म्हणून तर नकोतच. प्लॅस्टिक, टायर, रंगवलेलं लाकूड यांबद्दल सांगायला नको.

६. कॉइल

उघड्यावर, वारा पडलेला असताना, कॉइलचा थोडाफार उपयोग होतो. एकच कॉइल मध्ये ठेवू नका. चार-पाच कॉइल बसण्याच्या जागेभोवती, वाऱ्याच्या बाजूला, लोक बसायच्या अर्धा तास आधी लावा. स्टँड पत्र्याच्या झाकणात ठेवा. वाळक्या झावळीवर ठेवलेली कॉइल हे आगीचं निमंत्रण. धूर कमी नसतो: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. म्हणून ती अंगणातच बरी, बंद खोलीत रात्रभर नको.

बाजारात डास पळवणाऱ्या अगरबत्त्या मिळतात, 'हर्बल' म्हणून. घेण्याआधी पाकिटावर सीआयआर क्रमांक शोधा, तो कीटकनाशकाच्या सरकारी नोंदणीचा असतो. नसेल तर आत कोणतं रसायन आहे याचा भरवसा नाही, नाव कितीही देवाधर्माचं असो.

७. कपडे आणि मलम

पाहुण्यांना आमंत्रणाच्या मेसेजमध्येच कळवा: फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मोजे. गडद रंगाकडे डास जास्त ओढले जातात आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंगमधून ते आरामात चावतात. सुती अशासाठी की जाळाजवळ नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. ओढण्या आणि पदर खोचून घ्यायला सांगा. प्लॅस्टिकच्या जाळीदार खुर्च्या असतील तर पाठीवर आणि बैठकीवर चादर टाका, नाहीतर डास भोकांतून पाठ गाठतात.

मलमात ओडोमॉससारखं डीईबी असलेलं, डीट किंवा पिकारिडिन असलेलं, काहीही चालेल. उघड्या कातडीवर सगळीकडे सारखं लावायचं. ठिपके देऊन उपयोग नाही, सुटलेली जागा डास बरोबर शोधतो. घोटे, कोपरांची मागची बाजू आणि मान हमखास राहून जातात. शेकाने आणि घामाने परिणाम लवकर उतरतो, म्हणून जेवायला बसण्याआधी एकदा परत लावा.

मग तळहात साबणाने धुवा. पोपटी हाताने, बोटं चाटत खायची असते. लहान मुलांना मलम मोठ्यांनी लावायचं, हातांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ लावायचंच नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला काही लावू नका. त्याला घरात किंवा ओटीवर मच्छरदाणीत झोपवा. मच्छरदाणी जाळाजवळ आणायची नाही, ती क्षणात पेटते. आणि कुठलाही स्प्रे, अंगाला मारायचा असो की डासांवर, जाळाच्या आसपास उडवू नका. डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो.

जाता जाता: बिअर प्यायलेल्यांकडे डास जास्त जातात, असं एकाहून अधिक प्रयोगांत दिसलंय. कोणाला कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.

८. दिवे

बसण्याच्या डोक्यावर पांढरा झगझगीत एलईडी नको. डासांपेक्षा इतर किडेच जास्त येतील आणि थेट पत्रावळीत पडतील. मोठा दिवा पंधरा-वीस पावलांवर, जवळ पिवळा मंद.

९. यावर पैसे घालवू नका

- निळ्या दिव्याचं 'चट चट' करणारं यंत्र. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डेलावेअरच्या एका पाहणीत अशा यंत्रांत मेलेल्या १३,७८९ किड्यांपैकी चावणारे निघाले फक्त ३१. बाकीचे बिचारे निरुपद्रवी.
- कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं आणि मोबाइलची ॲप. काही होत नाही.
- प्लगमध्ये लावायची लिक्विडची बाटली. ती बंद खोलीसाठी आहे.
- अंगणाच्या कडेने लावलेला गवती चहा. चहाला छान, पण नुसतं रोप उभं असल्याने डास पळत नाहीत.
- ऐन वेळी, त्याच संध्याकाळी केलेली धूरफवारणी. उडते डास तेवढे मरतात, दुसऱ्या दिवशी नवे येतात, आणि औषध मात्र ताटांवर, शेंगांच्या टोपलीवर बसतं.

१०. पांगापांग झाल्यावर

निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. कॉइलचे तुकडे मोजून उचला. वापरलेलं मडकं झाडाखाली तोंड वर करून ठेवू नका. पुन्हा वापरायचं असेल तर पालथं घाला, तडकलं असेल तर बारीक फोडून टाका. पावसाळ्यात वाड्यांमधून अशी मडकी भरलेली सापडतात आणि प्रत्येकात अळ्या असतात.

पाहुण्यांना एवढं सांगून ठेवा: पुढच्या दोन आठवड्यांत ताप भरला तर डॉक्टरांना "वाडीवर मुक्काम होता, डास चावले होते" हे आपणहून सांगायचं आणि हिवताप-डेंगीसाठी रक्त तपासून घ्यायचं. तपासणी होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉलच घ्यायचं. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, डेंगी निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.